आमच्या वावराचे खांब आणि लॅम्बटन साहेब

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

होस्टेलला आल्यावर पहिल्या दिवशी प्रत्येकाला गाव विचारतात. मी दुसरबीड म्हटलं की समोरच्याचा चेहरा कोरा. मग मी सांगतो, बुलढाणा जिल्हा, सिंदखेडराजा तालुका, जिजाऊंचं माहेर आमच्या शेजारी. एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं. आता समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आमच्याकडे झाल्यापासून काही जणांनी पाटीवर नाव तरी वाचलेलं असतं. असो. लेख गावाबद्दल नाही. लेख आहे विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज साहेबाबद्दल. दोनशे वर्षांपूर्वी तो आपल्याच विदर्भात वारला, आणि मला तो भेटला आमच्या वावराच्या धुऱ्यावर. कसा ते आधी सांगतो.

गेल्या दिवाळीत वडिलांनी वावराला तारेचं कुंपण करायचं ठरवलं. रानडुकरं आणि रोही यांनी दोन वर्षं सोयाबीनची वाट लावली होती. सिमेंटचे पोल आले, काटेरी तारेची बंडलं आली. आता घरात सिव्हिलचा पोरगा असताना गवंडी कशाला बोलवायचा? वडिलांनी लाईनदोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले की इंजिनिअर आहेस तर कर सरळ. मीही छाती फुगवून निघालो. रेंजिंगच्या प्रॅक्टिकलला मला चांगले मार्क होते!

तीन बाजू नीट झाल्या. चौथी बाजू म्हणजे चुलत्याच्या वावराला लागून असलेला धुरा. लांबी सुमारे 400 फूट. आमच्या घरच्यांचं आणि चुलत्यांचं त्या धुऱ्यावरून सात-आठ वर्षं बोलणं नव्हतं. मोजणी झालेली होती, दोन्ही टोकांना हद्दीचे दगड पक्के होते, त्यामुळे वाद खरं तर संपला होता. पण अबोला तसाच राहिला होता. त्यातून या धुऱ्याच्या मधोमध जमीन फुगलेली, टेपाडच म्हणा ना. एका दगडापाशी उभं राहिलं तर दुसरा दिसत नाही. दोरी होती शंभर फुटांची. मी काय केलं, पहिल्या शंभर फुटांत दोरी ताणून खांब लावले. मग शेवटच्या दोन खांबांवरून नजर लावून दोरी पुढे नेली. पुन्हा शेवटचे दोन खांब, पुन्हा पुढे. त्यात वारा होता आणि ताणलेली दोरी मधे पोट काढत होती. दिवसभरात अठ्ठावीस खांब काँक्रीट टाकून पक्के केले. संध्याकाळी टेपाड उतरलो तेव्हा पलीकडचा दगड दिसला. माझी रेषा त्या दगडाला न भेटता साडेतीन फूट बाजूला चालली होती, आणि ती बाजू होती चुलत्याची.

चुलते आले. खांबांकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हिशेब केला तर सगळी मिळून पाऊण गुंठाही जमीन जात नव्हती. पण गावात गुंठ्याचा प्रश्न नसतो, हे खेड्यातून आलेल्या कुणालाही सांगायला नको. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की इंजिनिअर पोरानं मुद्दाम खांब सरकवले.

मी सुट्टी संपायच्या आधीच होस्टेलला परत आलो. खांब तसेच अर्धवट उभे राहिले.

सर्व्हेईंगच्या पुस्तकात डोकं घालून बसलो होतो, तेव्हा लायब्ररीत भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणावरचं एक पुस्तक हाती लागलं. त्यात हा लॅम्बटन होता. पहिल्याच पानांत कळलं की या माणसाने कन्याकुमारीपासून थेट आपल्या वऱ्हाडापर्यंत एक रेषा आणली. मी 400 फूट नेऊ शकलो नव्हतो. पुस्तक रूमवर आणलं.

विल्यम लॅम्बटनचा जन्म इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातला, नॉर्थॅलर्टनजवळच्या एका खेड्यातला. घर गरीब शेतकऱ्याचं. जन्मसालाबद्दल मोठी गंमत आहे. वेगवेगळ्या ठिकाणी 1753 पासून 1769 पर्यंत काहीही सापडतं, कारण साहेबाने आपलं वय कुणाला धड कळूच दिलं नाही. ज्याने पृथ्वीचं माप इंचात काढलं त्याचं स्वतःचं वय सोळा वर्षांच्या फरकाने मोजावं लागतं! गणितात हुशार म्हणून गावच्या शाळेत शिकायला मिळालं आणि 1781 मध्ये तो सैन्यात लागला. लगेच अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गेला आणि यॉर्कटाऊनला इंग्रजांनी शरणागती पत्करली तेव्हा कैद झाला. म्हणजे नोकरीची सुरुवातच पराभवाने.

सुटल्यावर तो कॅनडात गेला. तिथे जंगलात नव्याने वसणाऱ्या लोकांच्या जमिनी मोजायचं काम केलं आणि पुढे बराकींचा व्यवस्थापक म्हणून न्यू ब्रन्सविकमध्ये तेरा वर्षं काढली. आजच्या भाषेत साईडला पडलेली पोस्टिंग. पण या तेरा वर्षांत त्याने पुस्तकं मागवून एकट्याने गणित आणि भूमापन शिकून घेतलं. कॉलेज नाही, सर नाहीत, सबमिशन नाही. आपल्याला व्हायवाच्या आदल्या रात्रीशिवाय पुस्तक उघडवत नाही, आणि हा बर्फात बसून न्यूटनच्या वाटेने चालला होता. तिथेच सूर्यग्रहण बघताना काचेला पुरेशी काजळी न धरल्यामुळे त्याचा एक डोळा अधू झाला. पुढे आयुष्यभर दुर्बिणीतून बघण्याचं काम करणाऱ्या माणसाला एकच चांगला डोळा होता. पण खांब सरळ आहे की नाही बघताना आपणही एक डोळा मिटतोच की.

1797 च्या सुमारास तो आपल्या पलटणीबरोबर कलकत्त्याला आला. पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. कलकत्त्यात लॅम्बटनने दोन निबंध लिहिले. त्यातला एक भिंतींच्या सिद्धांतावर होता, हे वाचून मला उगाचच आपुलकी वाटली. आपल्याला रिटेनिंग वॉल ज्या विषयात छळते, त्याच विषयात साहेबही अडकला होता म्हणायचा.

1799 साली टिपू सुलतानाविरुद्धच्या शेवटच्या युद्धात लॅम्बटन जनरल बेअर्डच्या हाताखाली होता. एका रात्री बेअर्डची तुकडी अंधारात फिरत होती. लॅम्बटनने आकाशात सप्तर्षी बघितले आणि जनरलला सांगितलं की आपण दक्षिणेला चाललो नसून उत्तरेला, सरळ टिपूच्या छावणीकडे चाललो आहोत. जनरलला ते पटेना. आपल्याला ताऱ्यांची गरज नाही अशा थाटात तो आणखी पुढे गेला. शेवटी होकायंत्र काढून बघितलं तेव्हा तारे खरे निघाले आणि तुकडी मागे वळली. आमच्याकडे माळकरी म्हातारे रात्री पाणी द्यायला जाताना अजून चांदण्यांवरून वेळ सांगतात, त्यामुळे मला ही गोष्ट फार अशक्य वाटली नाही.

श्रीरंगपट्टण पडलं, म्हैसूरचा मोठा मुलूख कंपनीकडे आला आणि त्याचे नकाशे करायचे ठरले. तेव्हा लॅम्बटनने एक वेगळीच योजना मांडली. त्याचं म्हणणं असं होतं की गावं, नद्या, रस्ते हे नंतर काढा, आधी दोन्ही समुद्रांच्या मधे काही बिंदू इतके पक्के ठरवा की पुढचा सगळा नकाशा त्यांना टांगता येईल. आणि हे करता करता दुसरं एक काम होईल. पृथ्वी संत्र्यासारखी ध्रुवांजवळ चपटी आहे म्हणतात, ती नेमकी किती चपटी आहे हे काढता येईल.

इथे थोडा तांत्रिक भाग आहे. कॉम्प्युटर आणि ईअँडटीसीच्या मित्रांनी कृपया पान उलटू नये.

त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात, हे आठवीत शिकलोय. लॅम्बटनचं सगळं काम याच्यावर उभं आहे. एक बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची, तिला पायारेषा म्हणू. मग एका डोंगरावरून दुसऱ्या, तिसऱ्या डोंगरावर थिओडोलाईटने नजर लावून फक्त कोन मोजत जायचं. एका त्रिकोणाची काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणाची पाया होते. म्हणजे पहिली बाजू चुकली तर पुढचे हजार मैल चुकले. माझ्या खांबांसारखंच. फरक एवढाच की आपण असे घसरणार हे लॅम्बटनला आधीपासून माहीत होतं आणि मला नव्हतं.

त्याने 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माऊंटच्या पायथ्याच्या सपाट मैदानात ही पायारेषा मोजायला घेतली आणि 22 मे रोजी पुरी केली. लांबी साडेसात मैल, सुमारे 40 हजार फूट. साधन होतं 100 फुटी पोलादी साखळी. या साखळीची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. ती ब्रिटिश वकिलातीने चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेली होती. बादशहाला असल्या वस्तूंत रस नव्हता. ती तशीच परत निघाली आणि फिरत फिरत लॅम्बटनच्या हाती आली. चीनच्या दरबाराने नाकारलेल्या साखळीने हिंदुस्थान मोजला गेला.

मद्रासचा एप्रिल-मे, आणि साखळी जमिनीवर टाकून मोजायची नाही. खाली तिपाया, त्यांच्यावर लाकडी पेट्या एका ओळीत मांडायच्या, त्यांत साखळी ठेवायची, टोकाला वजन टांगून दर वेळी तेवढाच ताण द्यायचा, बाजूला थर्मामीटर ठेवून तापमान लिहायचं, मग साखळी उचलायची आणि पुन्हा पुढे. असं चारशे वेळा. आणि प्रत्येक वेळी दुर्बिणीतून बघून पुढची मांडणी रेषेत आणायची. दुर्बीण कशाकडे लावलेली? मागच्या मांडणीकडे नाही, रेषेच्या दूरच्या टोकाकडे. हे वाक्य वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो. आमच्या सरांनी पहिल्या वर्षाला हेच फळ्यावर लिहिलं होतं, पूर्णाकडून अंशाकडे काम करा. मी ते वहीत लाल पेनाने अधोरेखित केलं होतं आणि वावरात विसरलो होतो.

पण एक हिशेब मी स्वतः करून बघितला आणि तो मला पुस्तकातही कुठे दिसला नाही, म्हणून इथे देतो. समजा लॅम्बटनची साखळी प्रत्येक वेळी एका टोकाला एक इंच वाकडी पडली. तर लांबीत किती चूक येईल? पायथागोरस लावा. चारशे साखळ्यांची मिळून चूक होते सुमारे 4 मिलिमीटर, साडेसात मैलांत! आता समजा साखळी सरळ आहे, पण तापमान 10 अंश सेल्सिअसने चुकलं. तर पोलाद पसरतं आणि त्याच साडेसात मैलांत सुमारे साडेचार फुटांचा फरक पडतो. म्हणजे लांबी मोजणाऱ्याला थोडा वाकडेपणा परवडतो, ऊन परवडत नाही. कुंपण घालणाऱ्याचं बरोबर उलटं. त्याचा खांब एक इंच पुढेमागे झाला तर चालतो, एक इंच आडवा गेला की शेजारी बोलायचा बंद होतो.

कोन मोजायचं मोठं थिओडोलाईट इंग्लंडहून येत होतं. वजन अर्धा टन, वर्तुळ 36 इंच व्यासाचं. ज्या जहाजातून ते येत होतं ते फ्रेंचांनी पकडलं आणि मॉरिशसला नेलं. युद्ध चालू, शत्रूचा माल. पण फ्रेंच गव्हर्नरने पेटी उघडून बघितली, हे शास्त्राचं यंत्र आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिलं. आज आपल्याकडे शेजारच्या डिपार्टमेंटचं यंत्र मागायचं तर चार सह्या लागतात.

पुढची तीन-चार वर्षं लॅम्बटनने मद्रासपासून मंगळूरपर्यंत त्रिकोणांची माळ ओवली. वाटेत 1804 मध्ये बंगळूरजवळ दुसरी पायारेषा प्रत्यक्ष मोजली आणि मद्रासपासून गणिताने काढलेल्या लांबीशी ताडून पाहिली. साडेसात मैलांत फरक आला चार इंचांच्या आत. दोन्ही किनारे जोडले तेव्हा कळलं की जुन्या नकाशांत दाखवलेलं दक्षिणेचं द्वीपकल्प प्रत्यक्षात 40 मैल अरुंद आहे. कंपनीच्या हिशेबाने 40 मैल रुंदीचा प्रदेश एका फटक्यात नाहीसा झाला. वरचे लोक खूश होण्याऐवजी खर्चावर चिडले. मद्रासच्या कौन्सिलातल्या एका सभासदाचं म्हणणं होतं की श्रीरंगपट्टणला जायचं तर पालखीच्या भोयांना नुसतं सांगावं, ते बरोबर नेऊन सोडतात, त्यासाठी लॅम्बटनच्या नकाशाची काय गरज? संशोधनाला निधी मागणाऱ्या आमच्या सरांना ही गोष्ट सांगितली, तर ते बराच वेळ हसत होते.

यानंतर आली ती उत्तर-दक्षिण माळ. 78 व्या रेखावृत्ताच्या आसपासची, जिला पुढे ग्रेट आर्क असं नाव पडलं. आधी दक्षिणेला कन्याकुमारीकडे. तामिळ मुलखात डोंगर नाहीत, नुसती सपाटी आणि ताडाची झाडं. तेव्हा उंच देवळांच्या गोपुरांवर यंत्र चढवायचं ठरलं. 1808 साली तंजावरला बृहदीश्वराच्या प्रचंड देवळावर हे अर्ध्या टनाचं यंत्र दोरांनी वर ओढत असताना दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं मुख्य वर्तुळ वाकलं. तंजावर म्हणजे तेव्हा आपल्या सरफोजीराजे भोसल्यांची गादी. सिंदखेडच्या लेकीच्या सासरचं घराणं, हे माझ्यासारख्याने सांगायलाच हवं! याच देवळाच्या भिंतीवर 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. त्या भिंतीला धडकून हिंदुस्थानातलं सगळ्यात अचूक यंत्र मोडलं.

आता या ठिकाणी दुसऱ्या कुणी काय केलं असतं? अहवाल पाठवला असता, दोर धरणाऱ्यांना शिक्षा केली असती आणि नवीन यंत्र येईपर्यंत दोन वर्षं आराम केला असता. लॅम्बटन यंत्र घेऊन तंबूत शिरला आणि जवळपास सहा आठवडे बाहेरच्या कामाला त्याने हात लावला नाही. पाचर, स्क्रू, कप्प्या, छोट्या हातोड्या घेऊन त्याने ते वर्तुळ केसाकेसाने ओढत पुन्हा गोल केलं. त्यानंतर त्याच यंत्राने पुढची कितीतरी वर्षं काम झालं. मला त्याच्या सगळ्या आयुष्यातला हाच भाग जास्त आवडतो. वाकडं झालं हे मान्य करून बसला आणि सरळ केलं. वर्कशॉपला फायलिंगचा जॉब ज्यांनी तीनदा रिजेक्ट करून घेतलाय त्यांना सहा आठवडे म्हणजे काय ते कळेल.

मग माळ उत्तरेला वळली. 1811 ला गुत्ती, 1815 ला बिदर, अशा ठिकठिकाणी नव्या पायारेषा मोजून गणित तपासत तो निजामाच्या मुलखात शिरला. जंगलं, हिवताप, वाघ. टेकडीवर झाडी तोडून निशाणं उभी करायची आणि हवा स्वच्छ होईपर्यंत दिवसेंदिवस वाट बघायची. या सर्व्हेवाल्यांबद्दल गावोगावी संशयही असायचा. यांच्या दुर्बिणीतून घराच्या आतलं दिसतं, बायका उलट्या दिसतात, अशा तक्रारी होत. उलटं दिसायचं हे मात्र खरं, त्या दुर्बिणींत सगळंच उलटं दिसे. साहेब ज्या खलाशांच्या, हरकाऱ्यांच्या आणि हमालांच्या जिवावर हे करत होता त्यांची नावं पुस्तकांत फारशी नाहीत. अर्धा टन यंत्र डोंगरावर चढवणारे हात कुणाचे होते, तर आपल्याच लोकांचे. तापाने सगळ्यात जास्त मेले तेही तेच. लॅम्बटन कंपनीचा चाकर होता आणि कंपनीला नकाशा कशासाठी हवा होता, महसुलासाठी आणि सैन्यासाठी, हेही विसरून चालणार नाही. मोजलेली जमीन ताब्यात ठेवायला सोपी जाते.

माणूस म्हणून तो साधा होता असं दिसतं. आरडाओरडा नाही, हाताखालच्यांशी सलोखा, कामात असला की वय विसरणारा. मद्रासच्या सर्व्हे स्कूलमधून पोरवयात आलेला जोशुआ डी पेनिंग त्याच्यासोबत वाढला आणि शेवटपर्यंत राहिला. त्याने रीतसर लग्न केलं नाही. इथल्याच बायकांपासून त्याला मुलं झाली आणि मृत्युपत्रात त्याने त्यांची सोय केली. इंग्लंडला तो परत कधीच गेला नाही. फ्रेंच अकादमीने त्याला मान दिला, 1817 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने सभासद करून घेतलं, तेव्हाही तो हैदराबादकडे कुठेतरी टेकडीवर निशाणाची वाट बघत असणार. 1818 मध्ये हे काम मद्रासकडून थेट कलकत्त्याच्या मुख्य सरकारकडे गेलं, त्याला महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण असं भारदस्त नाव मिळालं आणि मदतनीस म्हणून एक तापट तरुण अधिकारी नेमला गेला. त्याचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट. हे नाव मात्र सगळ्यांना माहीत आहे.

1822 मध्ये लॅम्बटन आपल्या वऱ्हाडात पोचला. अचलपूरच्या बाजूला टाकरखेड्याजवळ पायारेषा मोजली गेली. कन्याकुमारीजवळून निघालेली माळ आता जवळपास 13 अंश उत्तरेला आली होती, म्हणजे चौदाशे किलोमीटर. आमच्या दुसरबीडपासून ही रेषा सरळ पूर्वेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर पडते. तिने काय सिद्ध केलं? विषुववृत्ताकडचा एक अंश लांबीने कमी भरतो आणि उत्तरेकडचा जास्त, म्हणजे पृथ्वी खरंच ध्रुवांकडे चपटी आहे, हे आपल्या मातीवर मोजून दाखवलं.

त्यानंतर मुख्य तळ हैदराबादहून नागपूरला हलवायचा होता. साहेब निघाला. वय सत्तरीच्या आसपास, तब्येत पार ढासळलेली, आणि प्रवास बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर. नागपूर गाठलं नाही. वाटेत हिंगणघाटला मुक्काम पडला आणि जानेवारी 1823 मध्ये तिथेच तो गेला. वर्धा जिल्ह्यात कापसाच्या या गावात त्याची कबर आहे. ज्याच्या हाताखालच्या मदतनिसाचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला लागलं, त्या सगळ्या कामाचा पाया घालणारा हिंगणघाटला आहे, हे आमच्या वर्गातल्या हिंगणघाटच्याच मुलालाही माहीत नव्हतं. त्याला मी चिडवलं, तर तो म्हणाला की तुला तरी कधी माहीत होतं. बरोबर आहे.

एव्हरेस्टने माळ पुढे नेली आणि 1841 पर्यंत ती हिमालयाच्या पायथ्याशी, डेहराडूनला पोचवली. एकूण सुमारे 2400 किलोमीटर. पुढे याच त्रिकोणांच्या आधाराने हिमालयाची शिखरं मोजली गेली आणि त्या आकडेमोडीत राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता. 2004 मध्ये टपाल खात्याने या सर्वेक्षणाच्या द्विशताब्दीनिमित्त तिकिटं काढली.

होळीला मी घरी गेलो. जाताना बॅगेत दुसरं काही नसलं तरी सर्व्हेईंगचं पुस्तक होतं. टोकं एकमेकांना दिसत नसतील तर काय करायचं, हे त्यात दीड पानात दिलेलं आहे. रेसिप्रोकल रेंजिंग. आपण सगळ्यांनी ते परीक्षेला लिहिलंय. दोन माणसं टेपाडाच्या माथ्यावर बांबू घेऊन उभी करायची. पहिल्याला दुसरा माणूस आणि त्याच्यामागचं पलीकडचं टोक दिसतं, तो दुसऱ्याला त्या रेषेत सरकवतो. मग दुसऱ्याला पहिला माणूस आणि त्याच्यामागचं अलीकडचं टोक दिसतं, तो पहिल्याला सरकवतो. असं आळीपाळीने, दोघांनाही समोरचा आपापल्या टोकाच्या रेषेत दिसेपर्यंत.

वडिलांना सांगितलं की चुकलेले सगळे खांब काढायचे. त्यांनी काँक्रीटचा खर्च मनात मोजला असावा, पण हो म्हणाले. मग मी चुलत्यांच्या घरी गेलो. काकू चहा टाकायला उठल्या, काका बसूनच होते. मी म्हटलं, काका, माझं चुकलं, रेषा माझी वाकडी गेली, उद्या खांब काढतोय, पण सरळ लावायला माथ्यावर दोन माणसं पाहिजेत, एक तुम्ही या. काका म्हणाले की गडी लाव एखादा. मी म्हटलं, गड्याने लावलेला खांब तुम्हाला पटेल का? त्यावर ते काही बोलले नाहीत.

सकाळी आम्ही दोघं-तिघं सब्बल घेऊन खांब उपटत होतो, तर काका डोक्याला रुमाल बांधून धुऱ्यावरून येताना दिसले. दोन्ही दगडांवर मी लाल फडकं बांधलेले बांबू उभे केले. टेपाडावर एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला काका, प्रत्येकाच्या हातात एक बांबू. मी मधे उभा राहून समजावलं की एकाने दुसऱ्याला सरकवायचं, मग दुसऱ्याने पहिल्याला, आणि मी बाजूला झालो.

दोघेही बांबू धरून नुसते उभे. कुणी तोंड उघडेना. एक मिनिट गेलं असेल. वडिलांनी एक डोळा मिटला, हात वर केला आणि डावीकडे हलवला. काकांना कळलं नाही किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मग वडील ओरडून म्हणाले, अरे डावीकडे सरक ना, बाबू. बाबू हे काकांचं लहानपणचं नाव. मी ते वडिलांच्या तोंडून सात-आठ वर्षांत ऐकलं नव्हतं. काका हातभर डावीकडे सरकले. मग त्यांनी डोळा मिटला आणि म्हणाले, आता तू इकडे ये, अजून, अजून, थांब, लय झालं, मागं जा.

पाच-सहा वेळा असं सरकणं झालं. मी दोन्ही टोकांकडून जाऊन बघितलं, चारही बांबू एकामागे एक झाकले जात होते. तिथून पुढे दोरी मी बांधली, पण खांब ओळंब्यात आहे की नाही हे काकाच बघत होते. दुपारपर्यंत एकेचाळीस खांब उभे राहिले. एक खांब बोटभर बाहेर आहे असं काकांचं अजूनही म्हणणं आहे. मी मोजून बघितलं, खरंच आहे. खालून सतरावा.